शिकागोचे फील्ड म्युझियम : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

उन्हाळा सुरू झाला की शिकागो आणि आसपासच्या उपनगरांतल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील, सासू-सासरे येऊ लागतात, आणि त्यांना शहर दाखवण्याच्या यादीत फील्ड म्युझियमचे नाव हमखास असते. तिकिटे महाग आणि अंतर लांब, म्हणून मंडळी सकाळी आत शिरतात ती संध्याकाळीच बाहेर पडतात. आणि इतके करूनही घरी आल्यावर लक्षात राहतो तो एक प्रचंड डायनासोर आणि दुखरे गुडघे. या संस्थेच्या संग्रहात सुमारे चार कोटी नमुने आणि वस्तू आहेत. त्यांतला अगदी लहानसा अंश दालनांत मांडलेला आहे, पण तोही एका दिवसात नीट पाहून होत नाही. म्हणून काय सोडायचे हे घरूनच ठरवून निघावे, असा माझा आग्रह असतो, आणि पुढचे सगळे मार्गदर्शन त्याच बेताने केलेले आहे.

हे संग्रहालय कशाचे आहे

संग्रहालयाचा उगम शिकागोत १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात आहे. स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रदर्शनासाठी देशोदेशींहून आलेल्या वस्तूंचे पुढे काय करायचे, हा प्रश्न शहरापुढे होता. मार्शल फील्ड या बड्या व्यापाऱ्याने दहा लाख डॉलर दिले आणि त्या वस्तूंना कायमचे घर मिळाले. सध्याच्या पांढऱ्या संगमरवरी इमारतीत संग्रहालय १९२१ मध्ये आले. विवेकानंदांच्या भाषणाची वास्तू आज आर्ट इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते आणि ती येथून दोनेक किलोमीटरवरच आहे. ज्येष्ठ मंडळींना ती पाहायची इच्छा असतेच, परंतु त्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.

या इतिहासामुळेच येथे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे चारही विषय एका छपराखाली नांदतात. डायनासोरच्या सांगाड्यापासून निघून इजिप्तच्या थडग्यात, तेथून प्रशांत महासागरातल्या बेटांवर आणि तेथून पेंढा भरलेल्या वाघ-गेंड्यांपुढे आपण पायी जाऊ शकतो. चित्रकला पाहण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये; नामवंत युरोपीय चित्रकारांच्या कृती आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. माहिती न घेता आलेल्या पाहुण्यांची येथे नेमकी हीच गफलत होते.

दिवस आणि तिकीट

संग्रहालय थँक्सगिव्हिंग आणि नाताळ हे दोन दिवस वगळता रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत उघडे असते, आणि शेवटचा प्रवेश चार वाजता दिला जातो. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा आणि नऊच्या ठोक्याला दारात असावे. शाळांच्या सहलींचा गलका साधारण दहानंतर वाढतो, तेव्हा पहिला तास हाच खरा शांततेचा असतो.

तिकिटांचे साधारणपणे तीन प्रकार असतात. पहिल्यात कायमस्वरूपी दालने पाहता येतात, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला एखादे विशेष प्रदर्शन किंवा त्रिमिती चित्रपट, आणि तिसऱ्यात सगळेच. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिल्या प्रकारावर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सू नावाचा प्रसिद्ध टी-रेक्स डायनासोर, ममी, आफ्रिकेतले त्सावोचे सिंह, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचे माओरी सभागृह हे सारे त्यात येते, आणि विशेष प्रदर्शनाची ठरलेली वेळ गाठण्यासाठी हातातले दालन अर्धवट टाकून धावावे लागत नाही.

इलिनॉय राज्यातल्या रहिवाशांसाठी वर्षातून काही दिवस साधारण प्रवेश मोफत असतो. गेल्या काही वर्षांत हे दिवस बहुतेक बुधवारी आले आहेत. निघण्याआधी संकेतस्थळावर त्या वर्षीचे दिवस पाहून घ्यावेत, आणि राज्यातला पत्ता असलेले ओळखपत्र बरोबर न्यावे. ही सवलत रहिवाशांपुरती आहे, हे विसरू नये. भारताच्या पासपोर्टवर आलेल्या आई-वडिलांचे तिकीट त्या दिवशीही काढावेच लागते, आणि मोफत दिवसाची गर्दी पाहता ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर तो दिवस टाळलेलाच बरा. शिकागो शहरात राहणाऱ्यांना एरवीही तिकिटात सवलत मिळते.

तिकीट ऑनलाइन काढण्याआधी आणखी एक गोष्ट न चुकता तपासावी. संग्रहालयाच्या शेजारीच सोल्जर फील्ड हे स्टेडियम आहे. तेथे शिकागो बेअर्सचा फुटबॉल सामना किंवा मोठी मैफल असेल, तर त्या दिवशी रस्ते तुंबतात, पार्किंगचे दर भरमसाट वाढतात आणि वाहनतळसुद्धा आधीच भरलेले असतात. हे सामने सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत, बहुतेक रविवारी होतात. स्टेडियमचे वेळापत्रक पाहायला दोन मिनिटे लागतात.

पोहोचायचे कसे

नेपरव्हिल, ऑरोरा किंवा शॉमबर्गकडून येणाऱ्यांनी मेट्रा या उपनगरी गाडीने युनियन स्टेशनला उतरावे. तेथून संग्रहालय चालत जाण्याइतके जवळ नाही. चौघे असाल तर टॅक्सी परवडते. शहरातल्या लोकल रेल्वेने यायचे असल्यास लाल, हिरव्या किंवा नारिंगी मार्गावरच्या रूझवेल्ट स्थानकावर उतरून पूर्वेकडे, तळ्याच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. हवा चांगली असेल तर ही चाल आनंदाची आहे. हिवाळ्यात मात्र मिशिगन तळ्यावरून येणारा वारा कानशिले बधिर करतो, तेव्हा बस क्रमांक १४६ घ्यावी, ती संग्रहालयापाशी सोडते.

उत्तरेकडच्या मुख्य दाराला भव्य पायऱ्या आहेत. फोटोसाठी त्या उत्तम आहेत. ज्यांना चढ सोसत नाही अशांना, तसेच व्हीलचेअर किंवा बाबागाडी असलेल्यांना पूर्वेच्या दाराने आत आणावे. आत लिफ्ट सर्व मजल्यांवर जाते. व्हीलचेअर संग्रहालयाकडूनही मिळते, पण त्यांची संख्या मर्यादित असल्याने लवकर आलेल्यांनाच ती हाती लागते. एरवी चालते-फिरते असलेल्या सत्तरीच्या माणसालाही येथे दुपारनंतर तिची गरज भासू शकते, म्हणून संकोच न करता सकाळीच मागून घ्यावी. जड कोट आणि पिशव्या जमा करण्याची सोय आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा.

दिवसाची आखणी

इमारतीचे तीन स्तर आहेत: तळमजला, मुख्य मजला आणि वरचा मजला. मुख्य दाराने आत आले की आपण थेट मधल्या मजल्यावरच्या विशाल दिवाणखान्यात पोहोचतो. तेथे माक्सिमो उभा आहे. अर्जेंटिनात सापडलेल्या पाटागोटायटन या शाकाहारी डायनासोरच्या हाडांचा हा साचा असून त्याची लांबी १२२ फूट आहे. साचा असल्यामुळे त्याला हात लावण्याची परवानगी आहे. मुलांना ते आवर्जून सांगावे. घरचे सगळे फोटो येथे काढून घ्यावेत आणि मग लगेच, गर्दी जमण्याआधी, वरच्या मजल्यावर जावे.

वर जाण्याचे कारण अर्थात सू. सू हेंड्रिक्सन यांना १९९० मध्ये साउथ डकोटात सापडलेला हा टायरॅनोसॉरस रेक्सचा सांगाडा संग्रहालयाने १९९७ च्या लिलावात सुमारे ८४ लाख डॉलरना घेतला. आकारमानाच्या हिशोबाने तो नव्वद टक्के पूर्ण आहे. सूला पाहताना बहुतेक लोक समोर उभे राहून जबड्यासह फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पण सांगाड्यावर बसवलेली ती कवटी खरी नाही. खरी कवटी इतकी जड आहे की ती मानेवर पेलवत नाही, म्हणून ती त्याच दालनात वेगळ्या काचपेटीत ठेवली आहे. त्या पेटीपाशी थांबावे. खालच्या जबड्यात गोल गोल भोके दिसतात. ती दुसऱ्या प्राण्याच्या चाव्याची की एखाद्या संसर्गाची, यावर शास्त्रज्ञांचा खल बराच काळ चालला आहे. नंतर सांगाड्याच्या बरगड्या पाहाव्यात: मोडून पुन्हा सांधलेल्या हाडांच्या गाठी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एवढी दुखणी अंगावर घेऊन हे जनावर अठ्ठावीस वर्षांच्या पलीकडे जगले होते.

सूचे दालन उत्क्रांतीच्या लांबलचक प्रदर्शनाचा भाग आहे, आणि ते प्रदर्शन पृथ्वीवरच्या पहिल्या सजीवांपासून सुरू होऊन एका दिशेने पुढे जाते. मधूनच बाहेर पडणे सोपे नसते, त्यामुळे त्याला सलग दीड तास द्यावा आणि आत शिरण्यापूर्वी मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणावे. वाटेत सामूहिक विलोपाच्या, म्हणजे एकाच काळात असंख्य जाती नष्ट होण्याच्या, घटना ठळकपणे दाखवल्या आहेत. त्यांतल्या ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या घटनेपाशी मराठी माणसाने क्षणभर रेंगाळायला हरकत नाही. त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर साचत होते, ज्यांतून पुढे सह्याद्रीचे कडे कोरले गेले. डायनासोरांच्या अंताला उल्कापात प्रामुख्याने जबाबदार धरला जातो. दख्खनच्या उद्रेकांचा त्यात वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. लोणावळ्याच्या घाटात दिसणारा काळा कातळ या कथेतले एक पात्र आहे, हे मुलांना येथे सांगितले तर पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतात.

याच मजल्यावर रत्नांचे आणि जेडचे दालन आहे, तसेच वनस्पतींचे एक जुने, काहीसे दुर्लक्षित दालन आहे. तेथली झाडे, फुले आणि फळे काच, मेण आणि तत्सम साहित्यातून हाताने घडवलेली आहेत. बागकामाची आवड असलेल्या आजींना तेथे सोडून बाकीच्यांनी पुढे जावे, त्या कंटाळणार नाहीत.

दुपारचे जेवण बाराच्या आधी किंवा दीडनंतर घ्यावे. आत उपाहारगृहे आहेत, शाकाहारी पदार्थही मिळतात, पण निवड फारशी नसते. घरून नेलेला डबा तळमजल्यावर नेमून दिलेल्या जागी बसून खाता येतो. दालनांत खाण्यास मनाई आहे.

पेंढा भरलेले प्राणी कसे पाहावेत

जेवणानंतर मुख्य मजल्यावरच्या सस्तन प्राण्यांकडे वळावे. अनेकांना मेलेली जनावरे पाहण्यात काय अर्थ, असे वाटते आणि ते ही दालने झपाझप पार करतात. येथे मात्र काचेआड, रंगवलेल्या पडद्यापुढे एकेक अधिवास उभा केलेला आहे, आणि या कलेला आजचे रूप देणारा कार्ल एकली याच संग्रहालयात काम करत होता. दिवाणखान्यातले झुंजणारे दोन आफ्रिकी हत्ती त्याचेच. चार ऋतूंतल्या हरणांचे त्याचे देखावे पाहताना प्राण्यांवरून नजर काढून झाडांकडे न्यावी: त्यांवरची हजारो पाने मेणापासून एकेक करून बनवलेली आहेत, आणि त्या कामात त्याची पत्नी डेलिया हिचा मोठा हात होता.

त्सावोच्या सिंहांपाशी मात्र थांबलेच पाहिजे. १८९८ मध्ये केनियातल्या त्सावो नदीवर ब्रिटिश रेल्वेचा पूल बांधत होते, आणि त्या कामावर भारतातून, मुख्यतः पंजाबातून नेलेले हजारो मजूर होते. दोन सिंहांनी कित्येक महिने त्यांच्या तंबूंवर हल्ले करून माणसे ओढून नेली. पुलाचा प्रमुख जॉन हेन्री पॅटरसन याने अखेर दोघांना मारले. बळींची संख्या १३५ असल्याचे त्याने पुढे सांगितले. सिंहांच्या हाडांच्या आणि केसांच्या रासायनिक पृथक्करणावरून २००९ मध्ये संशोधकांनी केलेला अंदाज सुमारे ३५ चा आहे. ही कातडी कैक वर्षे पॅटरसनच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२५ मध्ये संग्रहालयाने ती ५,००० डॉलरना विकत घेतली, आणि झिजलेले, कापलेले चामडे बसवता बसवता सिंह मूळ आकारापेक्षा लहान झाले.

त्यांना पाहून ‘या तर सिंहिणी’ असे कोणीतरी म्हणतेच, कारण दोघांनाही आयाळ नाही. ते नरच आहेत; त्सावोच्या भागात बिनआयाळीचे नर असतात. त्यांच्या दातांच्या पोकळ्यांत अडकलेल्या केसांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात जिराफ, झेब्रा, वाइल्डबीस्ट यांच्याबरोबर माणसाचेही केस निघाले. ते ज्यांचे होते त्यांची नावे त्या काचेपाशी मिळत नाहीत. शिकारकथा म्हणून सांगितली जाणारी ही हकीकत भारतीय पाहुण्याने मजुरांच्या बाजूनेही वाचावी, असे मला वाटते.

आशियाई प्राण्यांच्या दालनात सू-लिन हा पांडा आहे. अमेरिकेत जिवंत आणलेला हा पहिला महापांडा, १९३६ सालचा. वेळ कमी असेल तर एवढे पाहून पुढे व्हावे.

संस्कृतींची दालने

निसर्गाच्या दालनांत दिसते ते समजते. संस्कृतींच्या दालनांत पाटी वाचल्याखेरीज काही हाती लागत नाही. त्यामुळे सगळ्या खंडांतून धावण्यापेक्षा दोन ठिकाणे निवडावीत आणि ती तब्येतीत पाहावीत.

इजिप्त बहुतेकांच्या यादीत असतेच. येथे फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, उनास याचा मुलगा उनास-आंख याच्या थडग्याच्या मूळ दगडी खोल्या आणून उभ्या केल्या आहेत, आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतींवरची कोरीव चित्रे अगदी जवळून पाहता येतात. आत वाट अरुंद असून पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लिफ्टने तळमजल्यावर येऊन खालचा भाग पाहावा. खाली माणसांच्या ममी आहेत. लहान मुलांना त्या खऱ्या मृत व्यक्ती आहेत याची कल्पना आधी द्यावी. काही मुले घाबरतात, त्यांना ओढत नेऊ नये.

माझी दुसरी निवड वरच्या मजल्यावरचे माओरी सभागृह ही असेल. रुआतेपुपुके नावाचे हे लाकडी सभागृह न्यूझीलंडच्या टोकोमारू बे येथे १८८१ मध्ये उभारले गेले आणि १९०५ मध्ये संग्रहालयाकडे आले. संपूर्ण इमारत आत शिरून पाहता येते. माओरी परंपरेत सभागृह म्हणजे पूर्वजाचे शरीर असते: छताचा आढा हा कणा, वासे या बरगड्या, आणि दर्शनी बाजूच्या उतरत्या फळ्या म्हणजे पाहुण्यांना कवेत घेणारे हात. हे ध्यानात ठेवून आत गेले की बाजूच्या खांबांवर कोरलेले, डोळे वटारलेले पुरुष सजावटीचे वाटत नाहीत. रुआतेपुपुके या पूर्वजानेच कोरीवकामाची कला समुद्रदेव तांगारोआच्या घरून माणसांत आणली, अशी कथा आहे. टोकोमारू बेच्या लोकांशी संग्रहालयाचा संबंध आजही आहे आणि सभागृहाच्या देखभालीत त्यांना विचारले जाते. तेथे आवाज खाली ठेवावा, जसा आपण कोणाच्याही घरी ठेवू.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे मुख्य मजल्यावरचे दालन २०२२ मध्ये नव्याने मांडण्यात आले. शंभराहून अधिक जमातींतल्या लोकांनी त्यात भाग घेतला असून ते स्वतःबद्दल आज काय सांगू इच्छितात, ते तेथे ऐकू येते. त्याउलट शेजारच्या काही जुन्या दालनांत काचेची कपाटे झाकलेली दिसतील. मूळ रहिवाशांच्या वस्तू त्यांच्या संमतीविना मांडू नयेत, असा संघराज्याचा नियम जानेवारी २०२४ पासून अमलात आला, आणि संग्रहालयाने अशी कपाटे झाकून घेतली. दुरुस्ती चालू आहे असे समजून वैतागण्याचे कारण नाही.

भारताविषयीचे काही आहे का, असा प्रश्न घरची मंडळी विचारतील. मॅल्विना हॉफमन या शिल्पकर्तीने १९३० च्या दशकात जगभरच्या ‘मानववंशांचे’ शंभरावर पुतळे संग्रहालयासाठी घडवले, त्यांत भारतातली माणसेही होती. माणसांची अशी वर्गवारी शास्त्राने पुढे अमान्य केली आणि १९६९ मध्ये ते प्रदर्शन मोडले गेले. २०१६ मध्ये त्यांतले काही पुतळे, त्या जुन्या विचारावर टीका करणाऱ्या पाट्यांसह, पुन्हा मांडण्यात आले. कलाकृती म्हणून ते देखणे आहेत, आणि पाट्या वाचल्याशिवाय पाहू नयेत.

मुले लहान असतील तर

दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तळमजल्यावर खेळण्याचे स्वतंत्र दालन आहे. दुपारी दोनच्या सुमारास मुलांचा धीर सुटतो, त्या वेळेसाठी ते राखून ठेवावे. एका मोठ्या माणसाने तेथे थांबावे आणि बाकीच्यांनी आपली राहिलेली दालने उरकावीत, मग पाळी बदलावी.

परतीचे

शेड मत्स्यालय आणि अॅडलर तारांगण फील्डच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून तेही त्याच दिवशी करण्याचा मोह होतो. तो टाळावा, शेडसाठी वेगळे तिकीट आणि किमान अर्धा दिवस लागतो. त्याऐवजी साडेतीन-चारला बाहेर पडून तारांगणाच्या बाजूने तळ्याकाठी चालत जावे. शहराच्या उंच इमारतींचा सर्वांत चांगला देखावा तेथून दिसतो आणि त्याला तिकीट नाही. मेट्राने आलेल्यांनी परतीच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून ठेवावी. शनिवार-रविवारी काही मार्गांवर गाड्या तास-दोन तासांनी असतात, आणि एक चुकली तर दमलेल्या मंडळींना युनियन स्टेशनच्या बाकांवर बसून दुसरीची वाट पाहावी लागते.